दगडातली आग आणि गप्प राहिलेले आचार्य

फार फार पूर्वी, लढाया जेव्हा तलवारीने होत आणि पेरणीची वेळ आली की थांबत, तेव्हाची ही गोष्ट.

तांबी नावाची एक नदी होती. तिच्या एका काठाला शिलागडचे राज्य होते, दुसऱ्या काठाला तांबथडीचे. दोन्ही राज्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर. वैराचे कारण कुणी म्हणे नदीतले बेट, कुणी म्हणे एक मोडलेले लग्न. खरे काय ते सांगू शकणारी माणसे केव्हाच मरून गेली होती.

लढाई वाईटच असते. तेव्हाही वाईटच होती. पण तिला काही रीत होती. पावसाळा तोंडावर आला की दोन्हीकडचे सैनिक हत्यारे ठेवून आपापल्या शेतावर जात. शत्रूच्या विहिरीत कुणी विष टाकत नसे. मेलेल्या माणसाचे प्रेत मागितले, तर ते कापडात गुंडाळून परत मिळे. आणि जो लढायला गेला नाही तो मारला जाणार नाही, एवढा भरवसा घरी राहिलेल्या बायकापोरांना असे.

शिलागडात विशाख नावाचे एक मोठे आचार्य राहत. दगड आणि धातू यांची विद्या त्यांच्याइतकी कुणाला येत नसे. तरुणपणी ते नदीच्या उगमापाशी एका गुरूंकडे शिकले होते. तिथे दोन्ही राज्यांतली मुले-मुली शिकायला येत. तांबथडीची उत्पला नावाची मुलगी त्यांच्याहून धाकटी. ती त्यांना दादा म्हणे, आणि अभ्यासात त्यांच्या पुढे असे.

एका हिवाळ्यात ओढ्यात हातपाय धुताना उत्पलाला एक काळा, जड दगड सापडला. पाणी बर्फासारखे होते, पण दगड कोमट होता.

"दादा, हा बघा. याला ताप आलाय!" ती ओरडली.

गुरूंनी दगड हातात घेतला. "याच्या पोटात काहीतरी कोंडलेलं आहे," ते म्हणाले. मग ते तिघे दिवसभर त्या दगडाभोवती बसून राहिले. त्याचे तुकडे केले, तुकडे पाण्यात टाकले, पाणी कोमट होते का ते पाहिले. जेवायचेसुद्धा भान राहिले नाही. इतका आनंद विशाखांना पुढे आयुष्यात कशाचाच झाला नाही. त्या दिवशी तिघांपैकी एकाच्याही मनात लढाई नव्हती.

पुढे गुरू वारले. शिष्य आपापल्या राज्यात परतले. विशाखांनी त्या दगडाचा अभ्यास सोडला नाही. खूप वर्षांनी त्यांना कळले की हा दगड गाळून, शुद्ध करून एका विशिष्ट रीतीने एकत्र दाबला, तर त्याच्या पोटातली सगळी आग एकदम बाहेर येईल. किती आग, त्याचा हिशेब मांडला तेव्हा त्यांचा स्वतःवर विश्वास बसेना. त्यांनी तो पुसून पुन्हा मांडला. उत्तर तेच आले.

अशात एक दिवस राजाने त्यांना बोलावले. राजाजवळ प्रधान बसला होता.

प्रधान म्हणाला, "आचार्य, तांबथडीत ती उत्पला आहे ना, तुमच्याबरोबर शिकलेली? तीही त्या गरम दगडाच्या मागे लागली असेल. तिनं आधी आग काढली तर आपलं काय होईल?"

राजाने विचारले, "तिला जमेल का हो?"

"जमेल, महाराज," विशाख म्हणाले. "तिला माझ्याइतकंच कळतं. थोडं जास्तच."

राजाचा चेहरा उतरला. विशाखांनाही भीती वाटली, आणि ती भीती खरी होती. तांबथडीच्या हातात अशी आग गेली, तर शिलागडातली पोरेबाळे काय करतील? त्यांनी विचार केला की आपल्याकडे ती असली, तर निदान समोरचा वचकून राहील. त्यांनी होकार दिला.

डोंगरांच्या आड एका दरीत काम सुरू झाले. शिष्य आले, लोहार आले, दगड फोडणारे आले. दरीच्या तोंडावर पहारा बसला. आत जायची मुभा फार थोड्यांना होती. त्यात एक म्हातारी कासारीण होती. दरीत राहणाऱ्या बायकांना बांगड्या भरायला ती येई. लढाई असो की तह, कासारणीला दोन्ही काठांवर कुणी अडवत नसे. सवाष्णींचे हात उघडे ठेवायला कोणता राजा तयार होईल?

एकदा ती बांगड्या भरून परत निघाली असताना विशाख तिला वाटेत भेटले. त्यांनी सहज विचारावे तसे विचारले, "तांबथडीत जाऊन आलीस ना? उत्पलाबाई काय करतात गं हल्ली?"

"त्या होय?" कासारीण हसली. "त्या गावोगाव हिंडतात, बाबा. कुठं पाणी लागंल ते सांगतात, मग तिथं विहीर खणतात. तिकडं लई दुष्काळ पडलाय. कोठारं रिकामी झाली. राजा म्हणं तहाला माणूस धाडणार हाय."

"दगडाचं काही काम चाललंय का? भट्ट्या, लोहार असं काही?"

"कसला दगड? खायला न्हाई तिथं भट्ट्या कोण पेटवंल?"

विशाखांच्या ध्यानात आले. जिच्या धास्तीने हे सगळे मांडले होते, ती आग दुसऱ्या काठावर नव्हतीच. म्हणजे काम थांबवता येत होते. त्याच पावली राजाकडे जाता येत होते.

पण काम अगदी रंगात आले होते. आदल्याच दिवशी एक अवघड गाठ सुटली होती, आणि पुढे काय होते ते पाहायला त्यांचा जीव नुसता तळमळत होता. ते कासारणीला म्हणाले, "हे इथं कुणाजवळ बोलू नकोस."

"मी कशाला बोलंन?" म्हणत ती गेली. विशाख दरीत परतले.

काही महिन्यांनी आग तयार झाली. जिथे माणूस राहत नाही अशा एका टेकडीवर तिची परीक्षा घ्यायचे ठरले. सगळे दूर एका खंदकात जाऊन बसले.

सूर्य वर आलेला असताना दुसरा सूर्य उगवावा तसा उजेड झाला. मग आवाज आला. मग इतका गरम वारा आला की खंदकातल्या माणसांच्या भुवया करपल्या. धूर निवळला तेव्हा टेकडीचा माथा जागेवर नव्हता. शिष्यांनी आरोळ्या ठोकल्या, एकमेकांना मिठ्या मारल्या. विशाखांचे डोळे आनंदाने भरून आले होते. इतक्या वर्षांचा हिशेब बरोबर निघाला होता.

एक लोहार मात्र खाली बसला. "आचार्य," तो म्हणाला, "त्या टेकडीवर मोर होते."

त्यानंतर आरोळ्या थांबल्या.

राजाने दरबार भरवला. म्हातारा सेनापती पहिल्यांदा उठला. सारा जन्म त्याने लढायांत घालवला होता. अंगावर जखमांचे वण होते.

"महाराज, मी ती टेकडी पाहून आलो. माझं ऐका. तांबथडीच्या राजाला आणि त्याच्या सरदारांना बोलवा. एखाद्या ओसाड डोंगरावर त्यांच्या डोळ्यांदेखत ही आग पेटवा. जागच्या जागी शरण येतील. एक माणूस मरायला नको."

प्रधान लगेच म्हणाला, "आणि त्या दिवशी पेटलीच नाही तर? सगळ्यांसमोर हसं होईल. शिवाय डोंगर जळाला काय आणि न जळाला काय, कोण घाबरतं? शहर जळालं पाहिजे. नदीकाठचं हळदवेल बघा. लढाईची झळ त्याला अजून लागलेली नाही. तिथं आगीचा घाव कसा बसतो ते स्वच्छ दिसेल."

राजा दोघांकडे पाहत राहिला. मग तो विशाखांकडे वळला.

"आचार्य, या आगीबद्दल तुमच्याइतकं कुणालाच कळत नाही. तुम्ही सांगाल तसं करू. नुसती दाखवून भागेल का?"

भागेल. विशाखांना हे पक्के ठाऊक होते. ती टेकडी पाहिलेला कोणताही राजा हातातली तलवार टाकून देईल, हे त्यांना ठाऊक होते. समोरच्या काठावर आग नाही, धान्य नाही, तिथला राजा तहाला तयार आहे, हेही ठाऊक होते. एक वाक्य बोलायचे होते.

पण त्यांच्या मनाच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, आणि ती त्यांनी स्वतःपाशीही कबूल केली नव्हती. टेकडीचे काय होते ते त्यांनी पाहिले होते. शहराचे काय होते ते पाहिले नव्हते. ते पाहायची इच्छा त्यांच्या आत कुठेतरी जिवंत होती. ती जाणवताच ते चरकले. त्यांनी मान खाली घातली.

"महाराज," ते म्हणाले, "माझं काम दगडाचं. राज्य कसं करावं ते आपण ठरवावं."

सेनापती त्यांच्याकडे बघतच राहिला. राजाने सुस्कारा सोडला, आणि प्रधानाने सांगितले तसे झाले.

हळदवेल हे हळदीचे गाव वाढत वाढत शहर झाले होते. तिथल्या माणसांचे हात बारा महिने पिवळे असत. त्या सकाळी काठावर मोठमोठ्या कढयांत हळद शिजत होती. तेवढ्यात नदीतून एक होडी वाहत आली. होडीत कुणी नव्हते. कुण्या व्यापाऱ्याची होडी दोर तुटून आली असेल, असे लोकांना वाटले. ती अडवावी म्हणून काठावरची पोरे पाण्यात उतरली.

आग त्या होडीत होती.

दुसऱ्याच दिवशी तांबथडीचा राजा शरण आला. शिलागडात साखर वाटली गेली. विशाखांना पालखीत बसवून मिरवले. सज्जांतून त्यांच्यावर फुले पडत होती. बायका आपली तान्ही मुले त्यांच्या पायांवर घालत होत्या. "तुमच्यामुळं माझा नवरा लढाईतून जिवंत परत येतोय," असे एक बाई रडत रडत म्हणाली. ते खोटेही नव्हते. आणि विशाखांना पालखीत बसणे आवडले, हेही खरे.

नंतर राजाने त्यांना सांगितले, "हळदवेलला जाऊन या. आग किती लांबवर पोचली ते बघून या." ते आपल्या पट्टशिष्याला घेऊन निघाले.

तिथे शहर नव्हते. तांब्याच्या कढया वितळून जमिनीला चिकटल्या होत्या. जे त्या सकाळी काठावर होते, त्यांचे काहीच उरले नव्हते. जे जरा लांब होते ते भाजले होते. शहराबाहेरच्या एका गोठ्यात त्यांना निजवले होते. घरोघरची उरलीसुरली हळद आणून त्यांच्या जखमांवर लावली होती. पिढ्यान्‌पिढ्या जिने प्रत्येक जखम भरून काढली, ती हळद या जखमांना लागू पडत नव्हती.

विशाखांची झोळी आणि पांढरी दाढी पाहून एक बाई धावत आली.

"वैद्यबुवा आलात का? बरं झालं. आधी माझ्या लेकीला बघा. बुवा, हिला कुठंच भाजलेलं नाही हो. त्या दिवशी ही लांब मळ्यात पाणी धरत होती. चांगली चालत घरी आली. आणि आता केस गळतात, तोंडातून रक्त येतं. अन्न म्हणून पोटात ठरत नाही. हिला काय झालंय?"

मुलगी दहा-अकरा वर्षांची असेल. विशाख तिच्याजवळ बसले. त्यांनी तिची नाडी पाहिली. नाडीतले त्यांना फारसे कळत नव्हते. पण काय झाले ते त्यांना तत्काळ कळले. दगडाच्या पोटातली आग फक्त जाळून थांबत नव्हती. ती डोळ्यांना न दिसता अंगात शिरत होती. याचा हिशेब त्यांनी मांडलाच नव्हता.

बाई त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. "तुम्हाला कळलंय. कळलंय ना?"

"कळलंय."

"मग औषध द्या."

"औषध नाही, बाई."

"असं कसं? ज्यानं ही आग शोधली, त्यानं तिचा उतारा शोधला नाही?"

"नाही," विशाख म्हणाले. "त्याला ते सुचलंच नाही."

"मेल्याचं तळपट होवो," बाई म्हणाली. आणि लगेच पदराने डोळे पुसत म्हणाली, "तुम्हाला नाही हो बोलले. तुम्ही बिचारे इतक्या लांबून आलात."

पट्टशिष्याने आचार्यांकडे पाहिले. ते आता बोलतील, असे त्याला वाटले. विशाखांचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. ते उठले, नदीवरून पाणी आणले आणि त्या मुलीच्या ओठांना लावले. ती मुलगी गेली तोवर ते तिथेच पाणी आणत राहिले. निघताना त्या बाईने त्यांना वाकून नमस्कार केला. तो नमस्कार त्यांनी घेतला.

शिलागडात आल्यावर विशाख राजाच्या पाया पडले. "महाराज, ती दरी बुजवा. पुन्हा ही आग करू नका. तिचा उतारा नाही."

राजा म्हणाला, "आचार्य, तुम्हीच म्हणाला होतात, राज्य कसं करावं ते मी ठरवावं."

दरी बुजली नाही.

आणि पुढे जे व्हायचे तेच झाले. एखादी गोष्ट होऊ शकते हे जगाला कळले, की ती करायला पुन्हा आचार्य विशाख लागत नाहीत. तो काळा दगड तांबथडीच्या डोंगरांतही होता. थोड्याच वर्षांत त्या काठावरही एका टेकडीचा माथा उडाला. मग आणखी दूरदूरच्या राज्यांनी आपापले डोंगर धुंडाळायला सुरुवात केली.

त्यानंतर शिलागड आणि तांबथडीत लढाई झाली नाही. "बघा, आगीमुळं शांतता आली," असे प्रधान सांगत असे. लढाई नव्हती, हे खरेच होते. पण ती शांतता कशी होती? दोन्ही काठांवर उंच बुरुज बांधले गेले. त्यांवर आग फेकणारी यंत्रे बसली, आणि पहारेकरी पाळीपाळीने समोरच्या काठाकडे बघत राहिले. समोर उजेड दिसला की काही न विचारता दोर सोडायचा, असा त्यांना हुकूम होता. लोक घर बांधताना आधी तळघर खणू लागले. शाळेत मुलांना शिकवत की घंटा वाजली तर डोळे मिटून जमिनीवर पालथे पडायचे. पेरणीसाठी थांबण्याची रीत उरली नाही, कारण थांबायला काही चालूच नव्हते. घरी राहिलेल्या बायकापोरांचा जुना भरवसा मात्र कायमचा गेला.

एका उन्हाळ्यात भर दुपारी तांबथडीच्या काठावर ज्वाळा उठल्या. शिलागडच्या बुरुजावरच्या पहारेकऱ्याने दोराला हात घातला. तेवढ्यात धुरातून त्याला गुरे पळताना दिसली. त्यांच्यामागे गुराखी झाडाच्या फांद्यांनी आग झोडपत होते. गवताला वणवा लागला होता. पहारेकऱ्याने दोरावरचा हात काढला. हुकूम मोडला म्हणून त्याला शिक्षा करावी की बक्षीस द्यावे, हे दरबारात कुणालाच ठरवता आले नाही.

या प्रसंगाने दोन्ही राजे हादरले. असे पुन्हा होऊ नये म्हणून काय करता येईल ते बोलायला त्यांनी आपापली जाणती माणसे नदीतल्या बेटावर पाठवली. शिलागडकडून विशाख आले. तांबथडीकडून उत्पला आली. तिचे केस पांढरे झाले होते.

दोघे वाळूवर बसले.

उत्पला म्हणाली, "मी विहिरी शोधत होते, दादा. हळदवेल जळालं आणि राजानं मला बोलावलं. म्हणाला, तुला अशी आग करता येईल का? मी हो म्हणाले. त्यानंतर एकही विहीर खणली नाही. तुमच्यावर मी फार रागावले होते. मग मनाशी म्हटलं, दादा घाबरले असतील. मी आग करतेय असं त्यांना वाटलं असेल. भीतीपोटी माणूस काहीही करतो. मीही भीतीपोटीच केलं. म्हणून मी तुम्हाला माफ केलं."

विशाख खाली वाळूकडे पाहत होते. तिच्या समोर गप्प बसणे सोपे होते. तिला कधीच कळले नसते.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय?"

"तू विहिरी शोधतेस ते. कासारणीनं मला सांगितलं होतं. तुमच्याकडे आग नाही, तुम्ही तहाला तयार आहात, सगळं माहीत होतं. राजानं भर दरबारात विचारलं, नुसती दाखवून भागेल का? मी नाही म्हणालो नाही. हो म्हणालो नाही. मी म्हणालो, माझं काम दगडाचं."

उत्पलाने त्यांच्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर विशाखांना बरे वाटले असते.

"भीती मी माफ केली होती," ती म्हणाली. "याला काय करू?"

ती उठली. जाता जाता थांबून म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग? तुमच्या लोकांना सांगा. ते अजून तुम्हाला ओवाळतात, असं ऐकलंय मी."

ते खरे होते. हळदवेल जळाले तो दिवस शिलागडात दरवर्षी विजयाचा सण म्हणून साजरा होई. त्या वर्षीही चौकात मांडव पडला. आचार्यांना चौरंगावर बसवले. सुवासिनी आरतीची ताटे घेऊन पुढे आल्या.

विशाख उठून उभे राहिले. "ताटं खाली ठेवा," ते म्हणाले. "मला काही सांगायचं आहे."

आणि त्यांनी सगळे सांगितले. कासारणीचे सांगितले. दरबाराचे सांगितले. आत कुठेतरी ते शहर जळताना पाहायची इच्छा होती, तेही सांगितले. हे सांगताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मागच्या लोकांना ऐकू आले नाही, आणि त्यांना ते पुन्हा म्हणावे लागले. नदीत उतरलेल्या पोरांचे सांगितले. मळ्यात पाणी धरणाऱ्या मुलीचे सांगितले, आणि तिच्या आईचा नमस्कार घेतला तेही.

लोक संतापले. पण संताप आगीवर नव्हता, आचार्यांवर होता. "आमचा सण नासवला!" कुणी ओरडले. कुणी हार ओढून काढला. एक म्हातारा पुढे येऊन म्हणाला, "तेव्हा गप्प होतास, मग आताही गप्पच राहायचंस. आमची मुलं लढाईतून परत आली ती हळदवेलमुळं, असं आम्ही मानत होतो. आता आम्ही कशाकडं बघून जगायचं?"

"तुमचं खरं आहे," विशाख म्हणाले. "बोलायचं तेव्हाच होतं. आता बोलून एक माणूस परत येत नाही."

राजाने त्यांची आचार्यपदाची वस्त्रे काढून घेतली. ते गावाबाहेर एका झोपडीत राहायला गेले. तो सण पुढच्या वर्षी झाला नाही. तो बंद करा असे कुणी म्हटले नाही. मांडव घालायला कुणी गेलेच नाही, इतकेच.

काही काळाने तांबथडीने आधीपेक्षा मोठी आग केल्याची बातमी आली. राजाने पुन्हा दरबार भरवला. आता आचार्यांच्या जागी त्यांचा पट्टशिष्य बसत असे.

राजाने विचारले, "याहून दहापट मोठी आग होऊ शकेल का?"

पट्टशिष्य उभा राहिला.

"होऊ शकेल, महाराज. पण मी करणार नाही. आणि का करू नये, ते सगळ्यांसमोर सांगतो. आहे ती आगच दोन्ही काठांना पुरून उरेल एवढी आहे. मी आचार्यांबरोबर हळदवेलला गेलो होतो, तिनं काय केलं ते पाहून आलो. उतारा नाही. तुम्ही मला काढून दुसरा माणूस नेमाल. नेमा. पण मला विचारलंत म्हणून सांगतो, हे करू नका."

मग मागच्या रांगेतून एक लोहार उठला. "मीही भट्टी पेटवणार नाही," तो म्हणाला. मग आणखी एक उठला.

राजाने पट्टशिष्याला काढून टाकले. दुसरा माणूस शोधायला त्याला वेळ लागला. जो मिळाला तोही दरबारात उभा राहिल्यावर त्या रिकाम्या जागेकडे पाहून अडखळला. दहापट मोठी आग त्या राजाच्या हयातीत झाली नाही. बुरुजावरची यंत्रे मात्र तिथेच राहिली. ती उतरवायला कुणी तयार झाले नाही, आणि दगडाची विद्या विसरायला लावणारी विद्या कुणालाच येत नव्हती.

पट्टशिष्य दरबारातून निघाला तो थेट गावाबाहेरच्या झोपडीत आला. काय घडले ते त्याने सांगितले. विशाखांनी सगळे ऐकून घेतले.

"काय म्हणालास राजाला? पुन्हा सांग."

"म्हणालो, हे करू नका."

"एवढंच?"

"एवढंच, आचार्य."

विशाखांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. आपला शिष्य आपल्यापेक्षा मोठा निघाला, याचा त्यांना आनंद झाला. पण इतकी वर्षे ते मनाला समजावत आले होते की त्या दिवशी दरबारात बोलणे फार अवघड होते, कुणालाच जमले नसते. आज तोही आधार गेला.

"एवढंच होतं रे," ते म्हणाले. "एवढे तीनच शब्द होते."

तात्पर्य: एकदा जगात आलेली विद्या माघारी बोलावता येत नाही. म्हणून ज्याला कळते त्याने वेळेवर बोलावे. 'माझे काम एवढेच' म्हणून जो मान खाली घालतो, त्याला ती पुन्हा वर करता येत नाही.